दळणाचं बळ

आटपाडीपासून दोन-अडीच कोसांवर आमचं गाव. २०२१ च्या दिवाळीत जुन्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याच्या भुसकटाखाली आजीचं जातं निघालं. हंडे-घागरी, पितळी परात, पाटा-वरवंटा यांचे वाटे पडले. जातं कुणालाच नको होतं. मी म्हटलं, मला द्या. वरची तळी उचलायला वाकले तर ती जागची हलेना. शेवटी पुतण्याचा हात लागला तेव्हा ती गाडीत चढली. वाटेत गावातल्या दुकानदाराच्या काट्यावर ठेवून पाहिली. चोवीस किलो भरली.

पन्नाशी उलटेपर्यंत माझी आजी ही तळी रोज पहाटे फिरवत होती. जातं झाडून काढायचं असलं की एकटीनं उचलून भिंतीला टेकवत होती. तिला ताकदवान म्हटलेलं मात्र मी कधी ऐकलं नाही. गावात ताकदीच्या गोष्टी निघत त्या तालमीतल्या पैलवानांच्या, जत्रेतल्या कुस्त्यांच्या, देवळापुढची गुंडी उचलणाऱ्या गड्यांच्या. मी सांगलीतल्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, लढाया आणि तह मुलांकडून पाठ करून घेतले. त्या काट्यापुढे उभी असताना मला वाटलं, या दगडाचा इतिहास आपण कधी सांगितलाच नाही, आणि तो फिरवणाऱ्या हातांचा तर मुळीच नाही.

माणदेश हा जोंधळ्या-बाजरीचा मुलूख. भाकरी दोन्ही वेळची. आठ-दहा माणसांच्या घराला रोजचं पायलीभर धान्य सहज लागे. पायली म्हणजे चार शेर. त्याच्या आत मापटं, चिपटं. बायकांच्या कामाचं मोजमाप याच भाषेत होई. ‘शेरभर दळली की धाप लागते’ हे एखाद्या सुनेचं उणं, आणि ‘पायली बसल्या बैठकीला उतरवते’ हे दुसरीचं कौतुक. पीठ दोन दिवसांहून जास्त ठेवायची पद्धत नव्हती, म्हणून दळण रोजचं. कोंबडं आरवायच्या आधी बसायचं आणि उजाडायच्या आत उठायचं, कारण पुढे शेण, पाणी, चूल आणि मग रान.

माझ्या लहानपणी गिरणी आलेली होती, तरी आजी डाळी आणि भरडा घरीच करायची. एक पाय लांब, दुसरा दुमडलेला, पदर कमरेला खोचलेला. डाव्या हातानं मूठभर धान्य मधल्या भोकात सोडायचं, त्याला वैरण घालणं म्हणतात, आणि उजव्या हातानं खुंटा धरायचा. वैरण जास्त पडली की पीठ जाड येतं. कमी पडली की दगडावर दगड घासतो आणि भाकरीत कचकच लागते. दहा-पंधरा फेरे झाले की हात बदलायचा. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघींचे हात. मी हौसेनं बसायची आणि पाच-सहा फेऱ्यांत खांदा भरून यायचा. आजी म्हणायची, “हातानं वडू नगंस बाय, कमरंतनं फिरीव.” मी नीट पाहिलं तेव्हा कळलं, तिचा हात नुसता खुंट्यावर असायचा, पुढे-मागे झुलत असायचं ते सगळं धड. बेंबीपासून मानेपर्यंतचं अंग त्या दगडाबरोबर फिरत होतं.

दगड गुळगुळीत झाला की दळण उतरत नाही. मग ‘जातं टाकवाऽ’ अशी आरोळी देत बाई यायची. छिन्नी-हातोड्यानं दगडाला खाचा पाडणं म्हणजे टाकी लावणं. टकारी समाजाचं नाव याच कामावरून पडलेलं. टाकी लावणाऱ्या बाईच्या हातांना घट्टे असत, मनगटं गड्यासारखी. आजी तिला भाकरी द्यायची आणि दोघी आपापल्या कंबरदुखीचं बोलत बसायच्या.

जात्यावर राबणाऱ्या बाईची आठवण मराठी मुलखानं देवाजवळ मात्र जपली. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईचं दळण विठ्ठलानं येऊन ओढलं, ही कथा घराघरात आहे, आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं म्हणून दाखवतात ते जातं बायका आजही हात लावून फिरवतात. ही कथा मी लहानपणापासून भक्तीची म्हणून ऐकली. आता मला तिच्यात थकलेली बाईही दिसते. पहाटेच्या अंधारात एका बाईला वाटतं की खुंट्यावर आणखी एक हात असता तर बरं झालं असतं, आणि तो हात देण्याइतकं जवळचं तिला फक्त देवच असतो.

लग्नातही जातं मानाचं. घाणा भरताना मुसळांना आंब्याची पानं बांधायची, जात्याला हळकुंड बांधायचं आणि सवाष्णींनी हळद दळायची. आता मंगल कार्यालयात ताटाएवढं जातं आणून ठेवतात, पाच जणी त्याला हात लावतात, फोटो होतो. पण त्या विधीच्या मुळाशी स्पष्ट सांगणं होतं. नव्या घरात पोरीनं काय न्यायचं, तर हे बळ. मुलगी दाखवताना वरपक्षाकडची एखादी म्हातारी तिचा हात हातात घेऊन मनगट चाचपून बघायची, असं आई सांगायची.

बळाला खेळाची मुभाही होती, पण तिला वयाची हद्द होती. नागपंचमीला माहेरवाशिणी यायच्या. फेर, झिम्मा, फुगडी रात्र रात्र चाले. फुगडी नुसती पायांची नसते. दोघींनी मागे झुकून सगळं वजन एकमेकींच्या पंजांवर सोडायचं असतं. पकड सुटली तर दोघी आपटतात. बस फुगडीत तर उकिडवं बसून उड्या मारायच्या, मांड्या भरून येईस्तोवर. आजी चाळिशीनंतर फुगडीला उभी राहिली नाही. घरात सून आली की बाई जाणती होते, आणि जाणत्या बाईनं कडेला बसून गाणं सांगायचं. खेळ असा सुटतो. डोक्यावरची घागर, खुंटा आणि खुरपं यातलं काही मात्र त्या वयाला सुटलं नाही.

या बळाची नोंद झाली ती बायकांनीच केली, आणि तीही दळताना. हेमा राईरकर आणि गी पॉइतवें यांनी मुळशीच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रभरातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास हे विषय आपल्याला माहीत असतात. मला अडवून धरलं ते वेगळ्याच ओव्यांनी. दळणारी सांगते की माझ्या मनगटात हा जोर आला तो आईच्या दुधामुळे, तिनं लहानपणी उगाळून चाटवलेल्या जायफळामुळे. दगड जड आहे, घाम गळतो आहे, आणि ती आपल्या ताकदीचं देणं कुणाचं आहे ते अंधारात बसून मोजते आहे. सासरी खर्ची पडणारं बळ माहेरी कमावलेलं आहे, हे ठणकावून सांगायला तिला एवढीच जागा होती.

हे लिहिताना मला एका मोहापासून दूर राहायचं आहे. ‘पूर्वीच्या बायका किती काटक, त्यांना कुठे लागायचा व्यायाम’ हे वाक्य मी हळदीकुंकवापासून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे ऐकलंय. माझी आजी काटक होती, आणि पन्नाशीत तिची कंबर वाकली, हेही खरं. तिची आठ बाळंतपणं झाली. सव्वा महिना सरायच्या आत ती जात्यावर बसलेली असे. अंग बाहेर येण्याचा त्रास तिला आणि तिच्या जावेला दोघींना होता. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत. माझ्या आईलाही ते आजी गेल्यावर कळलं. पहिली पंगत गड्यांची, मग पोरांची, मग सासूची. सुनांच्या वाट्याला कालवणाचा तळ आणि परातीतली शेवटची भाकरी. दूध विकायला, अंडी विकायला.

स्नायू कसा घडतो हे मला पन्नाशीनंतर समजलं. ओझ्यानं तो ताणला जातो, किंचित दुखावतो, आणि मग झोपेत, विश्रांतीत, पोटात गेलेल्या डाळी-दुधा-अंड्यांतून भरून निघताना पहिल्यापेक्षा थोडा दांडगा होतो. म्हणजे तीन गोष्टी लागतात: ओझं, अन्न आणि विसावा. आजीला पहिली गोष्ट सकाळ-संध्याकाळ, बारा महिने मिळाली. दुसरी उरलीसुरली मिळाली. तिसरी मिळालीच नाही. ओझंही तेच, त्याच अंगानं, हजारो फेरे. तालमीतल्या पैलवानाला खुराक असतो, मालिश असते, वस्ताद असतो, आणि थकल्यावर पडून राहायची सोय असते. राबणं आणि कमावणं यांतला फरक इथे आहे. आजी आयुष्यभर अंगातलं खर्च करत राहिली; भर घालायची संधी तिला कुणी दिली नाही.

साठ सालच्या सुमारास आमच्या गावात तेलाच्या इंजिनावरची गिरणी आली. ओढ्याकाठच्या पत्र्याच्या खोलीतून तिचा टुकटुक आवाज शिवारभर ऐकू यायचा. आई तेव्हा सून म्हणून नवीनच होती. ती सांगायची, पहिल्या दिवशी डबा भरून पीठ डोक्यावरून घरी आणलं, अजून कोमट होतं. आजीनं त्यात हात घातला आणि कितीतरी वेळ काढला नाही. गिरणीच्या पिठाला चव नाही असं गडी म्हणाले. बायकांपैकी एकीनंही म्हटलं नाही. त्या गिरणीनं गावातल्या बायकांना पहाटेची दोन तासांची झोप परत दिली, असं मी मानते. जात्यावर जितक्या कविता झाल्या त्यातली एक तरी गिरणीवर व्हायला हवी होती.

कष्ट तेवढ्यानं संपले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात माझी चुलती चाळिशीची होती. माणदेशात विहिरी कोरड्या पडल्या, जनावरं छावणीला गेली आणि बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, मांडीपुढे मोठा दगड ठेवायचा आणि हातोडीनं फोडत बसायचं. ढिगाची मापं घेऊन मजुरी. मी चार वर्षांची होते. मला तिनं पदरातून आणलेल्या सुकडीची चव आठवते. ते रस्ते, ते पाझर तलाव अजून आहेत. मध्यमवयीन बायकांच्या दंडांतली ताकद महाराष्ट्राला बघायची असेल, तर ती त्या रस्त्यांच्या पोटात आहे.

आमच्या घरात बळाची दुसरी एक वाट आली होती, आणि ती आईच्या पायांनी. आईच्या लहानपणी आटपाडी औंध संस्थानात होती. बहात्तर गावांचं लहानसं, तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेलं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांनी सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध बलवानाच्या पद्धतीनं दहा वर्षं व्यायाम केला आणि पुढे सूर्यनमस्कार धरले ते आयुष्यभर सोडले नाहीत. त्यांनी त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक तिकडेही वाचलं गेलं. माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठेपण वेगळं आहे. त्यांनी हा व्यायाम राजवाड्यात ठेवला नाही, तो संस्थानातल्या शाळांत सक्तीचा केला, आणि आमच्या घरापुरतं खरं हे, की तो एका मुलीपर्यंत पोचला.

आईचा जन्म १९३६ चा. शाळेच्या पटांगणात सकाळी परकर खोचून पोरी रांगेत उभ्या राहायच्या, मास्तर मंत्र म्हणायचे आणि दरेक मंत्राला एक नमस्कार. अकराव्या वर्षी ती शंभर घालायची. म्हातारपणीही ते सांगताना तिचा चेहरा उजळायचा. “कामाशिवाय घाम आला की किती बरं वाटतं, ते तेव्हा कळलं,” हे तिचं वाक्य. आजीला मात्र हे पटायचं नाही. पोरीनं शंभर वेळा जमिनीला वाकायचं आणि हाताशी ना पीठ ना पाणी, याचा अर्थ काय?

१९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. आई काही वर्षांनी लग्न होऊन आली आणि नमस्कार सुटले. सासरी आडवं पडायला जागा नव्हती, तिथे सगळ्यांदेखत अंग ताणून व्यायाम करणाऱ्या सुनेला लोक काय म्हणाले असते! पुढे गिरणी, नळ, मिक्सर, कुकर येत गेले, आणि एकेका ओझ्याबरोबर आईच्या अंगातून थोडं थोडं बळही गेलं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ओझं गेल्याचा आनंद खरा होता. एकाहत्तराव्या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. “आता जपून, वजन उचलायचं नाही, जास्तीत जास्त आराम,” असं डॉक्टरांनी सांगितलं आणि आम्ही ते मनोभावे पाळलं. तिच्या मांड्या काठीसारख्या झाल्या. शेवटची वर्षं तिला खुर्चीवरून उठायलाही कुणाचा तरी हात लागायचा. तो आराम आम्ही तिच्यावर प्रेमानंच लादला, आणि त्याची खंत मला अजून आहे.

माझी पाळी पन्नासाव्या वर्षी गेली. त्यानंतर एका पूजेला मांडी घालून बसले आणि उठताना दोन्ही हात जमिनीला टेकवावे लागले. पुढे ते जातं उचलता आलं नाही. त्या आठवड्यात मी घराजवळच्या जिममध्ये गेले. शिकवणारी मुलगी पूर्वी कबड्डी खेळलेली, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं पंधरा किलोचा रिकामा दांडा पुढ्यात ठेवला. मी ओढला. ती म्हणाली, “हातानं ओढू नका, काकू. जोर कमरेतनं येऊ दे.”

मी दांडा खाली ठेवला आणि थोडा वेळ बाकावर बसले. हे वाक्य मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी गोठ्याशेजारच्या पडवीत ऐकलं होतं.

मग मी वाचत गेले. १९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये मिरियम नेल्सन यांनी ५० ते ७० वयाच्या, पाळी गेलेल्या बायकांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली; त्यांचे स्नायू वाढले आणि हाडंही टिकली, तर व्यायाम न करणाऱ्यांची झिजत गेली. आई पडली ते साल २००७. ही माहिती तेव्हा जगात होती. आमच्या घरापर्यंत ती आलेली नव्हती. जात्यावरची ओवी वेशीबाहेर पोचायला जसा कुणाचा तरी कान लागला, तशी ही गोष्ट घराघरात पोचवायला कुणाचं तरी तोंड लागेल. म्हणून मी आता हळदीकुंकवाला हेच बोलते. साठीच्या बायका आधी हसतात, मग हळूच विचारतात, गुडघा दुखत असला तर चालतं का?

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा खांद्यावर घेतली. पोरीच्या दंडांकडे बघून ‘किती ताकद!’ असं शेजारची बाई मोठ्यानं म्हणाली. बाईच्या अंगातल्या जोराला त्याच्या खऱ्या नावानं, चारचौघांत, कौतुकानं हाक मारलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

आज मी सत्तावन्न वर्षांची आहे. जमिनीवरून साठ किलोचा दांडा उचलते, जात्याची तळी एकटीनं उचलून भिंतीला टेकवते. या उचलण्यातून पीठ पडत नाही, रस्ता होत नाही, घागर भरत नाही. आजीनं विचारलं असतं, याचा अर्थ काय? तिला सांगायला माझ्याकडे आता उत्तर आहे. अगं, हे दळण माझ्या अंगात पडतं.

आठवड्यातले तीन दिवस व्यायाम, मधले दिवस विसावा. सकाळी जिममधून आले की तव्यावरची पहिली भाकरी, वाटीभर दही आणि दोन अंडी घेऊन मी पाटावर बसते. घरातलं अजून कुणी जेवलेलं नसतं. पहिले काही महिने घास घशात अडकायचा. पहिली भाकरी आपण खायची, हे अंगवळणी पडायला साठ किलोपेक्षा जास्त जोर लागला. आता लागत नाही. मी गरम गरम जेवते, पोटभर जेवते, आणि जेवण झालं की हात न टेकता उठते.